किरणांनी मारलेले जंतू आणि नोंदवहीचा प्रश्न

राजस्थान म्हटले की आपल्याकडच्या माणसाला किल्ले, वाळवंट आणि जयपूरचा हवामहाल आठवतो. कोबाल्ट आठवत नाही. जयपूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर कोटा आणि त्याच्याही पुढे चंबळेच्या काठी रावतभाटा येथे अणुवीज केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९७३ साली रीतसर वीजपुरवठा करू लागला. अशा भट्ट्यांत वीज तर निर्माण होतेच. शिवाय भट्टीत ठेवलेल्या साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉनांचा मारा होऊन त्याचे कोबाल्ट-६० या किरणोत्सारी रूपात परिवर्तन होते. त्यातून निघणारे गॅमा किरण कर्करोगाच्या उपचारासाठी वापरतात, तसेच सिरिंज, टाके घालायचे दोरे, जखमेवरच्या पट्ट्या निर्जंतुक करण्यासाठीही वापरतात. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे १९७४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने उभारलेला 'आयसोमेड' प्रकल्प हेच काम करण्यासाठी होता.

जे किरण सिरिंजवरचे जंतू मारतात, त्यांनीच रोगजंतू मारून त्यांची लस करता येईल काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि पेशाने केंद्र सरकारचा अधिकारी. मला या विषयात रस वाटला तो निराळ्या कारणाने. मृत जंतूंच्या लशींचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. जंतू मारणे हे त्यातले सोपे काम; जंतू मेला आहे हे सिद्ध करणे अवघड. आणि सिद्ध करता आले नाही, तर दोष कोणाच्या माथी मारायचा हे ठरवणारे शास्त्रज्ञ नसतात, प्रशासक असतात.

मुल्कोवालची बाटली

१८९६ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या आरंभी पॅरिसमध्ये बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप निघणाऱ्या किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे पुण्यात काय घडले, रँड आणि चापेकर बंधू, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या धामधुमीत वाल्डेमार हाफकिन हे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगच्या लशीवर काम करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

लशीची रीत साधी होती. प्लेगचे जंतू रश्श्यासारख्या द्रवात काही आठवडे वाढवायचे, ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. उष्णता प्लेगचा जंतू मारी आणि आम्ल नंतर शिरणाऱ्या इतर जंतूंपासून बाटलीचे रक्षण करी.

१९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि तेथील सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागितली. मागणी पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी उत्पादनाची रीत बदलली. नव्या रीतीत कार्बोलिक आम्ल वगळले गेले आणि सारी भिस्त उष्णतेवर राहिली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल (आता पाकिस्तानात) या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. उरलेल्यांना काहीही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू बाटलीत शिरला हे उघड होते. प्रश्न एकच होता: तो परळला शिरला की मुल्कोवालला? मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला आणि नव्या रीतीवर, म्हणजे पर्यायाने हाफकिन यांच्यावर, ठपका आला. त्यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले. परंतु त्याच चौकशीच्या कागदांत आणखी काही गोष्टी नोंदलेल्या होत्या. बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंध नव्हता; धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे आत वाढत असते, तर तो यायला हवा होता. सर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी २९ जुलै १९०७ च्या 'टाइम्स'मध्ये पत्र प्रसिद्ध करून हे मुद्दे मांडले. त्यानंतर सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. ते भारतात परतले, पण कलकत्त्यात, आणि लसनिर्मितीचे काम त्यांच्याकडे पुन्हा आले नाही.

चौकशी करणाऱ्याच्या दृष्टीने मी हे प्रकरण पाहतो, तेव्हा आयोगाचा उद्दामपणा मला दिसत नाही. मला दिसते ती एक रिकामी जागा. परळहून निघताना ५३-एन निर्जंतुक होती, असे निःसंशय सांगणारी कोणतीही नोंद अस्तित्वात नव्हती, आणि तेव्हाच्या पद्धतीत ती असूही शकत नव्हती. द्रव आधी मोठ्या पात्रात तापवायचा आणि मग लहान बाटल्यांत भरायचा. मारण्याची क्रिया आणि सीलबंद करण्याची क्रिया यांच्यामध्ये माणसाचा हात होता. जेथे पुरावा नव्हता, तेथे पदावरचा माणूस सापडला.

नमुन्याचे गणित

उष्णतेनंतर रसायने आली. फॉर्मॅलिन आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन ही त्यांतली दोन प्रमुख. पोलिओची साल्क लस फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची आहे. आपल्याकडची कोव्हॅक्सिन बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची आहे, आणि तो विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केला होता.

रसायनाची अडचण १९५५ साली अमेरिकेत दिसली. एप्रिल महिन्यात कटर या कंपनीच्या पोलिओ लशीच्या काही खेपांत जिवंत विषाणू राहून गेला. सुमारे ४०,००० मुलांना सौम्य पोलिओ झाला, २०० च्या आसपास माणसे कायमची पांगळी झाली आणि १० मरण पावली. द्रवातील गाळात विषाणूंचे पुंजके दडलेले राहिले आणि फॉर्मॅलिन त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही. ज्या खेपा बाजारात गेल्या त्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या होत्या. ज्या अनुत्तीर्ण झाल्या त्या कंपनीने टाकून दिल्या. पण त्या सरकारला कळवणे नियमाने बंधनकारक नव्हते, म्हणून कळवल्या गेल्या नाहीत.

येथे थोडे संख्याशास्त्र आवश्यक आहे. लशीची बाटली तपासायची तर ती उघडावी लागते आणि उघडलेली बाटली वाया जाते. म्हणून नमुनाच तपासता येतो. समजा, एका खेपेतील शंभरात एक बाटली दूषित आहे आणि आपण वीस बाटल्या तपासल्या. वीसच्या वीस शुद्ध निघण्याची शक्यता जवळजवळ ८२ टक्के आहे. म्हणजे शंभरात एक बाटली दूषित असलेल्या अशा पाच खेपांपैकी चार खेपा चाचणी सहज पार करतील. मुल्कोवालला एक बाटली होती, खेप नव्हती. नमुन्याच्या चाचणीने ती सापडण्याची आशा फारच थोडी. तात्पर्य, अंतिम चाचणीचा दाखला हा सुरक्षिततेचा पुरावा म्हणून अपुरा आहे. प्रक्रियाच अशी हवी की तिची प्रत्येक पायरी मोजता येईल आणि मोजमाप लिहून ठेवता येईल.

किरणांची परीक्षा

किरणांची कल्पना येथे उपयोगी पडते. मात्र सर्व किरण सारखे नव्हेत. आरंभीचे प्रयोग अतिनील किरणांचे होते. १९३७ साली अमेरिकेत अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेल्या रेबीजच्या विषाणूने प्राण्यांत प्रतिकारशक्ती निर्माण करून दाखवली गेली. परंतु अतिनील किरण द्रवात खोल शिरत नाहीत. द्रव गढूळ असला की मागचे जंतू पुढच्यांच्या सावलीत वाचतात. रक्तद्रवातील काविळीचा विषाणू मारण्यासाठी हीच पद्धत अमेरिकनांनी वापरली आणि कोरियन युद्धात किरण दिलेल्या रक्तद्रवातूनच सैनिकांना कावीळ झाली. म्हणजे पुन्हा तेच: कागदोपत्री मेलेला, प्रत्यक्षात जिवंत.

गॅमा किरण काच, प्लास्टिक, पुठ्ठा आणि गोठलेला बर्फही भेदून जातात. त्यांच्या मार्गात जंतूचे जनुकद्रव्य आले की त्याचे धागे तुटतात आणि जंतू वाढण्यास कायमचा असमर्थ होतो. त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने, ज्यांवरून आपले शरीर शत्रूला ओळखते, ती त्या मानाने शाबूत राहतात. फॉर्मॅलिन नेमके उलट करते. ते प्रथिनांनाच एकमेकांशी जखडते आणि त्यांचा आकार बिघडवते. १९६० च्या दशकात लहान मुलांच्या श्वसनविकाराविरुद्ध (आरएसव्ही) फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस दिली गेली, तेव्हा लस घेतलेल्या मुलांचाच आजार पुढे अधिक बळावला आणि दोन मुले दगावली. आकार बिघडलेल्या प्रथिनांकडून शरीर जे शिकले ते उपयोगाचे नव्हते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

किरणांचीही मर्यादा आहे. विषाणू जितका लहान, तितके त्याचे जनुकद्रव्य लहान आणि ते टिपण्यासाठी लागणारी मात्रा मोठी. वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करण्याची रूढ मात्रा २५,००० ग्रे आहे. माणसाला चार-पाच ग्रे प्राणघातक ठरू शकतात. एवढ्या माऱ्यात पाण्याच्या रेणूंचे तुकडे होतात आणि ते तुकडे प्रथिनांवर हल्ला करतात. त्यावर उपाय म्हणजे द्रव गोठवून किंवा सुकवून किरण देणे. शिवाय जंतूने आधीच सोडलेले विष किरणांनी नाहीसे होईलच असे नाही. या अडचणींमुळे, आणि रसायनांची रीत सर्वत्र रुळलेली असल्यामुळे, केवळ गॅमा किरणांनी मारलेल्या जंतूंची लस माणसांच्या नित्य लसीकरणात आलेली नाही. एक उल्लेख मात्र करावासा वाटतो. कटर प्रकरणात ज्यांच्या लशीचे नाव बदनाम झाले, त्या जोनास साल्क यांनी उतारवयात एचआयव्हीविरुद्ध लस करू पाहिली, तेव्हा विषाणू मारण्यासाठी त्यांनी रसायन आणि कोबाल्ट-६० दोन्ही वापरले. ती लस परिणामकारक ठरली नाही. पण मारण्याच्या बाबतीत त्यांनी एकाच उपायावर विसंबणे सोडले होते, हे बोलके आहे.

आता मुल्कोवालकडे परत पाहू. गॅमा किरणांचा खरा प्रशासकीय लाभ असा की बाटली आधी सीलबंद करता येते आणि मग आतला जंतू मारता येतो. क्रम उलटतो आणि मधला माणसाचा हात निघून जातो. ५३-एन भरल्यावर लगेच गोठवून अशा यंत्रातून गेली असती आणि तिला मिळालेली मात्रा नोंदलेली असती, तर 'परळ की मुल्कोवाल' हा वाद पाच वर्षे चालला नसता.

पुणे, काश्मीर आणि पुन्हा पुणे

किरणांच्या लशी माणसांआधी जनावरांसाठी झाल्या, आणि त्यांत जंतू पूर्ण न मारता फक्त पंगू करण्याची युक्ती होती. ग्लासगो येथील पशुवैद्यांनी गुरांच्या फुप्फुसात होणाऱ्या जंताच्या अळ्यांना क्ष-किरण दिले. अशी अळी पोटात गेल्यावर शरीरात प्रवास सुरू करते, शरीराला आपली ओळख पटवते, परंतु पूर्ण वाढ होण्याआधीच मरते. ही लस १९५९ पासून ब्रिटनमध्ये विक्रीस आली.

मेंढ्यांच्या अशाच जंतावर भारतात काम झाले ते काश्मीरमध्ये, भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून. मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन डोंगरावरच्या कुरणांत जातात आणि थंड, ओलसर गवतावर हा जंत फोफावतो. गॅमा किरण दिलेल्या अळ्या कोकरांना पाजून त्यांचे रक्षण करण्याची ही पद्धत प्रत्यक्ष कळपांवर वापरून पाहिली गेली. या संस्थेचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला, हे किती मराठी लोकांना ठाऊक असेल? 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने ती तेथे सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. या लशीची अडचण वाहतुकीची होती. अळी जिवंत असल्यामुळे ती फार दिवस टिकत नाही. प्रयोगशाळेपासून डोंगरापर्यंत थंडाव्यात आणि वेळेत पोचली तरच उपयोग.

मलेरियाची कथा याहून मोठी आहे. १९६७ साली न्यूयॉर्क विद्यापीठात रूथ नुसेनझ्वाइग यांनी क्ष-किरण दिलेले मलेरियाचे परजीवी उंदरांना टोचले आणि उंदीर मलेरियापासून सुरक्षित राहिले. पुढील दशकात किरण दिलेले डास माणसांना चाववून तोच परिणाम दिसला. शरीर परजीवीच्या कोणत्या भागाला ओळखते याचा शोध घेता घेता त्याच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन हाती आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर तयार केलेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर२१ लस त्याच प्रथिनावर आधारलेली आहे. त्या लशीत किरणांचा वापर नाही; परंतु नेम कोठे धरायचा हे दाखवणाऱ्या संशोधनाची सुरुवात किरणांनीच झाली.

आत काय आहे?

एवढे वाचून कोणी म्हणेल की किरण आले की नोंदीचा प्रश्न मिटला. तो मिटत नाही, जागा बदलतो. बाटलीवरचा विश्वास आता यंत्रावर आणि यंत्राच्या नोंदवहीवर येऊन बसतो. कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मे होते, म्हणजे दर महिन्याला सुमारे एक टक्का क्षीण होते. तेवढ्या प्रमाणात वस्तू किरणांखाली ठेवण्याचा वेळ वाढवावा लागतो आणि ठरावीक काळाने नवा कोबाल्ट भरावा लागतो. अर्थशास्त्रात घसारा हा हिशेबाचा संकेत असतो. येथे तो निसर्गनियम आहे. खरेदीची फाइल सहा महिने टेबलांवर फिरली, तर कोबाल्ट तेवढा काळ थांबून राहत नाही. मात्रा मोजणाऱ्याने जुन्याच कोष्टकावरून वेळ लावला, तर सीलबंद खोक्यावर 'निर्जंतुक' असा शिक्का बसेल आणि आत जंतू जिवंत असेल. कटर प्रकरणाची ती नवी आवृत्ती ठरेल.

आणि यंत्र निकामी झाल्यावर? एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडला. दिल्ली विद्यापीठातील एक जुने गॅमा यंत्र, अनेक वर्षे वापरात नसलेले, त्याच वर्षी फेब्रुवारीत लिलावात विकले गेले होते. भंगारवाल्यांनी ते फोडले. एक मनुष्य मरण पावला, आणखी काही जण किरणांनी भाजले. निरुपयोगी सामानाच्या लिलावाच्या पुष्कळ नस्त्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यांतल्या तक्त्यात वस्तूचे नाव, खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, सद्यःस्थिती, राखीव किंमत असे रकाने असतात. 'आत काय आहे?' असा रकाना मी कोठेही पाहिलेला नाही. समितीच्या सदस्यांच्या सह्या मात्र पूर्ण असतात.

आता विजेवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉन-झोतानेही विषाणू निष्क्रिय करण्याचे प्रयत्न होत आहेत. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने असे यंत्र विकसित केले आहे. बटण बंद केले की किरण बंद, त्यामुळे कोबाल्टची राखण करावी लागत नाही. परंतु हा झोत फार पातळ थरातूनच आरपार जातो, म्हणजे आधी सीलबंद करून मग मारण्याची सोय पुन्हा हातची जाते आणि भरण्याच्या टप्प्यावर पुन्हा माणूस येतो. प्रत्येक पद्धतीत विश्वासाची जागा कोठेतरी असतेच. ती कोठे आहे हे आधी ओळखून तेथेच नोंद ठेवणे, एवढे प्रशासनाच्या हातात असते.

२०१८ साली जयपूरच्या शास्त्रीनगर भागात झिकाचे रुग्ण आढळले, तेव्हा त्या विषाणूवर लस नव्हती. आजही बाजारात नाही. पुढचा नवा विषाणू कोठे येईल हे सांगता येत नाही, पण त्याची लस घाईत करावी लागेल हे सांगता येते. १९०२ सालीही घाईच होती. पंजाब सरकारने लस मागितली ती लोक मरत होते म्हणूनच, आणि हाफकिन यांनी रीत बदलली तीही त्याच कारणाने. घाई चुकीची नव्हती. नव्या रीतीत कोणती जुनी खात्री गळाली आणि तिच्या जागी कोणती नवी नोंद आली, हे विचारण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते.

परळच्या संस्थेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर त्यांना भारत सोडून दहा वर्षे झाली होती. १९३० साली ते स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे वारले. संस्थेवरचे नाव आजही आहे, आणि मुंबईत तिच्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ५३-एन ही बाटली ठाऊक आहे. आरोग्य किंवा पशुसंवर्धन खात्यात नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यांना त्या चौकशीचे कागद वाचायला द्यावेत, असे मला फार दिवसांपासून वाटते.